तिचा घसा बसला आणि मला बरं वाटलं

«मावशी, सलाम. नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या गायनपथकात मी १४ वर्षं गाते. ३ वर्षांपूर्वी धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात जाऊ आली. तिचा आवाज खरंच चांगला आहे. आता सणासुदीचं एकटीनं म्हणायचं गीत तिलाच मिळतं. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, 'धाकटीच्या आवाजात अभिषेक आहे', म्हणजे देवाच्या आत्म्याचा हात आहे. यंदा उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांच्या उपासनेत चौथ्या उद्गारानंतरचं गीत तिच्याकडे होतं. त्याच सकाळी तिचा घसा बसला. ती मोरीपाशी उभी राहून मिठाच्या गुळण्या करत होती, मी चहा गाळता गाळता ऐकत होते, आणि मला आनंद झाला. गीत मी म्हटलं. लोकांनी कौतुकही केलं. घरी आले आणि मला माझीच भीती वाटली. मागे तिनं माझ्या वडिलांची भजनांची वही मागितली होती. 'सापडत नाही' म्हणून सांगितलं. वही कपाटात साड्यांखाली आहे. आता तर तिच्याशी धड बोलवतही नाही. हे माझ्यात आलं कुठून? सैतानाचं काम म्हणायचं का? देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो, मग आपल्यालाच मनाई का? आणि तिच्याकडे जाऊन सगळं कबूल करून क्षमा मागू का?»

सलाम. मला मावशी म्हटलंस, तेव्हा मीही अगंतुगंच करते.

आधी तो चहाचा प्रसंग घेऊ. पत्र मी दोनदा वाचलं. तू स्वतःला झाकायचा प्रयत्न केलेला नाहीस. 'मला जरा हलकं वाटलं' असं लिहून मोकळी झाली असतीस, पण तू 'आनंद' असाच शब्द लिहिलास. मी ३४ वर्षं नर्स होते. पेशंट दुखतं तिथे नेमकं बोट ठेवतो, तेव्हा निम्मं काम झालेलं असतं.

हा आनंद नवा नाही आणि फक्त तुझाही नाही. सहाव्या शतकात ग्रेगरी नावाचे पोप होऊन गेले. आपण प्रोटेस्टंट, पोपांचं आपल्याकडे फारसं निघत नाही, पण या माणसानं मत्सराची पोरं मोजून ठेवली होती: द्वेष, कुजबुज, निंदा, शेजाऱ्याच्या संकटात आनंद आणि त्याच्या भरभराटीत दुःख. पाच. तुझ्या पत्रात मला यातली दोन स्पष्ट दिसली आणि तिसरं, द्वेष, उंबऱ्यापर्यंत आलेलं. कुजबुज आणि निंदा तू केली असशील तर लिहिलेली नाहीस. ते मी विचारत नाही.

आता मुळाचं बघू. हेव्याचं मूळ म्हणजे दुसऱ्याकडे जास्त असणं, असं आपण धरून चालतो. तिच्याकडे आवाज जास्त, म्हणून मला हेवा. येशूनं दिलेला द्राक्षमळ्याचा दाखला मात्र काही वेगळंच सांगतो, आणि तो आपण नेहमी घाईत वाचतो.

मालक भल्या पहाटे नाक्यावर जातो, मजूर ठरवतो, दिवसाचा रोज एक दीनार. नऊला पुन्हा जातो, बाराला, तीनला, आणि पाच वाजता सुद्धा. आपल्याकडे कांदेकाढणीला पाच वाजता कोणी मजूर आणलेला मी पाहिला नाही, पण या मालकानं आणले. दिवस मावळल्यावर तो कारभाऱ्याला पगार वाटायला सांगतो आणि वर म्हणतो, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. मला हे वाक्य फार वर्षं कळलंच नव्हतं. पहाटेच्यांना आधी पैसे दिले असते तर ते दीनार कनवटीला लावून, खुशीत घरी गेले असते. पाचवाल्यांना किती मिळाले हे त्यांना कळलंसुद्धा नसतं. पण मालकानं त्यांना उभं ठेवलं आणि बघायला लावलं. तासाभराच्या कामाला एक दीनार पडताना त्यांनी पाहिला आणि त्यांच्या तळहातावरचा दीनार तेवढाच असूनही हलका झाला.

त्यांची तक्रारही नीट ऐक. आम्हाला कमी दिलं, असं ते म्हणत नाहीत. म्हणता येणारच नव्हतं, ठरलेला रोज पूर्ण मिळाला होता. ते म्हणतात, तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलंत. मालक विचारतो, मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट का? मूळ भाषेत शब्द डोळ्याचाच आहे. आपण दृष्टीला भितो ती दुसऱ्याच्या. आपल्या घरांत लिंबू-मिरची टांगत नाहीत, तरी बाळावरून मीठ-मोहरी उतरवून वर प्रभूची प्रार्थना म्हणणारी एक आजी मला चांगली ठाऊक आहे (माझीच). येशू मात्र वाईट दृष्ट ज्याची त्यालाच कशी बाधते ते दाखवतो. पहाटेच्या मजुराचं काही गेलं नव्हतं. दुखणं ओंजळीत नव्हतं, डोळ्यात होतं.

त्या डोळ्याच्याही खाली एक गोष्ट आहे आणि मी मूळ म्हणते ते तिला. मालकावरचा संशय. याच्याकडे सगळ्यांना पुरेल एवढं नाही. त्यांना दिलं ते माझ्या वाट्यातून गेलं. मी दिवसभर उन्हात राबले ते याला दिसलंच नाही. तुझं भांडण तुला जावेशी वाटतंय, पण तिच्यावर तुझा एकही आरोप नाही. पत्र पुन्हा वाच. ती उद्धट आहे, कामचुकार आहे, तिनं तुझं गीत मागून घेतलं, असं एकदाही लिहिलेलं नाहीस. आवाज चांगला आहे, एवढाच तिचा गुन्हा. आणि तो दिला कोणी? म्हणून म्हणते, तक्रार देणाऱ्यावर आहे. घेणारी हाताशी सापडते, म्हणून राग तिच्यावर निघतो.

आदामाच्या थोरल्या मुलाचं, काइनाचं, हेच झालं. त्याचं अर्पण देवाला मान्य झालं नाही, धाकट्या भावाचं, हाबेलाचं झालं. काइनाचं जे काही बिनसलं होतं ते देवाशी. पण देवावर हात उगारता येत नाही, भाऊ मात्र शेतात सापडतो. त्यानं हाबेलाला मारलं. म्हणून काइनाचं अर्पण मान्य झालं का? तुझ्या जावेचा घसा बसला, म्हणून तुझा स्वर त्या दिवशी एका श्रुतीनं तरी वर गेला का? तो होता तिथेच होता. हेव्याला काही कमवायचं नसतं, समोरच्याचं गेलं तरी त्याला पुरतं. चोराला निदान वस्तू तरी हवी असते.

सैतानाचं विचारलंस. सगळं त्याच्या नावावर टाकायची आपल्याकडे फार सवय आहे, त्यात आपलं खातं कोरं राहतं. नव्या करारातल्या पत्रात याकोब लिहितो, प्रत्येक जण मोहात पडतो तो स्वतःच्याच वासनेनं ओढला जाऊन. शिवाय काइनाच्या गोष्टीत खुनाच्या आधी एक प्रसंग आहे. देव त्याच्याशी बोलतो. शिक्षा नंतर आहे, आधी प्रश्न आहे: तू का संतापलास? तुझं तोंड का उतरलं? पुढे सांगतो, पाप दाराशी टपून बसलंय, तू त्याला काबूत ठेव. दाराशी, म्हणजे अजून घरात नाही. त्या सकाळी मोरीतला आवाज ऐकून जे उसळलं ते दाराशी होतं. वही साड्यांखाली गेली तेव्हा मात्र कडी तुझ्या हातानं निघाली होती. हा फरक तुला सांगायलाच हवा, कारण आनंद झाला म्हणून तू घाबरलीस आणि वहीचं एका ओळीत उरकलंस. मला वही जास्त गंभीर वाटते.

देवाच्या प्रश्नाला काइनानं उत्तर दिल्याचं पुस्तकात नाही. तो उठून भावाशी बोलायला जातो आणि पुढचं तुला माहीत आहे. त्यानं उत्तर दिलं असतं तर? 'हो, मी संतापलोय, तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि माझ्याकडे पाहिलं नाहीत.' असं बोलणारी माणसं शास्त्रात आहेत आणि देवानं त्यांना हाकलून दिलेलं नाही. ७३ व्या स्तोत्रातला माणूस सरळ सांगतो, मला हेवा वाटला, माझे पाय घसरता घसरता राहिले. आणि हे स्तोत्र मंदिरात गायलं जात होतं! आपण मात्र प्रार्थनेत 'प्रभू, मला नम्र कर' म्हणतो आणि हेव्याचं नावही घेत नाही. आज रात्री दिवा मालवल्यावर सांग त्याला. सोवळे शब्द नकोत. 'तिला दिलंस, मला का नाही? १४ वर्षं मी काय करत होते?' असंच म्हण. तो ऐकून घेईल.

ईर्ष्यावान देवाचं म्हणशील तर प्रश्न चांगला आहे, पाळकसाहेबांना विचारलास तर तेही खूश होतील. हिब्रूत देवाच्या ईर्ष्येला आणि बापाच्या लाडक्या योसेफाच्या भावांच्या हेव्याला एकाच धातूतले शब्द आहेत, म्हणून घोटाळा होतो. देवाची ईर्ष्या ज्यांच्याशी करार केला त्यांच्यासाठी आहे. जीव लावलेलं माणूस नासू नये, परक्याच्या मागे जाऊन फुकट जाऊ नये, म्हणून. शेजाऱ्याचं चांगलं झालं म्हणून त्याचं तोंड उतरत नाही. तुझं उतरलं. तेव्हा ती पळवाट बंद.

योसेफ निघालाच आहे तर आणखी एक. त्याच्या भावांबद्दल लिहिलंय की ते त्याचा द्वेष करत आणि त्याच्याशी त्यांना सलोख्यानं बोलवत नसे. तिथे मुळात शब्द शालोमचा आहे. आपला सलाम आणि त्यांचा शालोम ही भावंडंच. म्हणजे त्यांना भावाला साधा सलाम घालवेना. हेव्याचा द्वेष झाला हे कशावरून ओळखायचं, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते: सलाम तोंडातून निघेनासा होतो. 'आता तर तिच्याशी धड बोलवतही नाही' हे तुझं वाक्य आहे. तू त्या उंबऱ्यावर उभी आहेस.

पण योसेफाच्या गोष्टीत बापाचीही चूक होती. बारांतल्या एकालाच झगा शिवला तर बाकीचे अकरा काय करतील? तुझ्या सासूबाई दोन सुना रोज तराजूत घालतात आणि वर त्याला अभिषेकाचं नाव देतात. हे मला मुळीच आवडलेलं नाही. कौतुक करावं, जरूर करावं, पण मोठीला ऐकवण्यासाठी धाकटीचं कौतुक करणं हा घराला चूड लावायचा प्रकार आहे. हे तू त्यांना सांगू नकोस, तुझ्या तोंडून ते भांडणच वाटेल. नवऱ्याला सांग. आईशी त्यानं बोलावं, शांतपणे, तू तिथे नसताना. आणि गायनपथक चालवणाऱ्यांनाही कळायला हवं की १४ वर्षं गाणाऱ्या बाईला एका ओळीनंही न विचारता बाजूला करत नाहीत. तुझ्यावर थोडा अन्याय झालाय. तोही खरा आणि तुझा हेवाही खरा. एक आहे म्हणून दुसरं पुसलं जात नाही.

आता क्षमेचं. माझं उत्तर तुला नवल वाटेल असं आहे: जावेकडे जाऊन आत्ता काही कबूल करू नकोस.

हे अनुभवातून सांगते. माझ्याबरोबर शिकलेली एक जण माझ्याआधी मेट्रन झाली. माझी नोकरी तिच्यापेक्षा दीड वर्षानं जुनी. एकदा सलाइनच्या बाटल्यांच्या हिशोबात तिच्याकडून चूक झाली. ती चूक वरिष्ठांपर्यंत जाण्याआधी माझ्या नजरेला पडली होती. मी बोलले नाही. तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली आणि त्या रात्री मला भाकरी गोड लागली. पुढे कितीतरी वर्षांनी, निवृत्तीनंतर, एका संजीवन सभेतून तापून आले आणि तडक तिच्या घरी जाऊन सगळं ओकले. मला हलकं वाटलं. ती मात्र वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिचं काय चुकलं? तिच्या आयुष्यात जे दुखणं नव्हतं ते मी तिच्या पदरात टाकून आले होते. अजूनही आमचं पहिल्यासारखं नाही. नाताळला फोन येतो, तब्येत विचारते, ठेवते.

वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय ते भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. तुझ्या जावेला घशाचं काही माहीत नाही. ते देवापाशी ठेव. वहीचं मात्र तिला माहीत आहे, तिनं मागितली होती आणि तू खोटं बोललीस. तेवढं तिच्याशी मिटवायचंय. 'वही होती, मला द्यायची नव्हती, चुकलं माझं.' बस. त्यापुढे एक शब्द नको. तिनं कारण विचारलं तर 'वडिलांची आहे, जीव अडकलाय' म्हण. तेही खरंच असणार.

वही का, ते सांगते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा १८ वा अध्याय उघड. त्यात दोन माणसं आहेत, बाप म्हणजे राजा शौल आणि त्याचा लेक, आणि दोघांसमोर दावीद. बायका गात येतात, शौलाच्या नावावर हजार शत्रू मारलेले आणि दावीदाच्या नावावर दहा हजार. गाण्यावरून सुरुवात झाली, बघ. त्या दिवसापासून शौलाचा दावीदावर डोळा. आणि दुसऱ्याच दिवशी, दावीद वीणा वाजवत असताना, शौल त्याच्यावर भाला फेकतो. याच वीणेनं शौलाच्या जिवाला आधी आराम पडायचा, त्यासाठीच तर दावीदाला आणलं होतं. हेव्यानं त्याचं एकुलतं एक औषध त्याच्याकडून काढून घेतलं. तुला विचारते, जाऊ नवी होती तेव्हा तिचं एखादं गीत ऐकून तुझे डोळे भरले होते का? 'आवाज खरंच चांगला आहे' हे तुला कळलं ते कान चांगले म्हणूनच. आता तिचं गाणं सुरू झालं की तू काय ऐकतेस?

दुसरा माणूस योनाथान. गादी त्याची होती. दावीद पुढे आल्यानं शौलाचं जेवढं जाणार होतं त्यापेक्षा योनाथानाचं जास्त जाणार होतं. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तो अंगातला झगा काढून दावीदाला देतो. तलवार, धनुष्य, कमरबंदही. त्याच्या मनात कधी काही आलंच नसेल, असं मी म्हणणार नाही. ते लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच, की त्यानं झगा काढला.

मन साफ झाल्यावर वही देईन, असं ठरवलंस तर ती साड्यांखालीच राहील. आधी दे. मन मागून येईल, कदाचित कुरकुरत येईल. आणि नुसती हातात ठेवून परत फिरू नकोस. वडिलांच्या अक्षरातल्या खुणा तिला कळणार नाहीत. कुठे श्वास तोडायचा, कुठली ओळ दोनदा, कुठल्या भजनाला पेटी खाली लावायची, हे तुलाच ठाऊक. तिच्या आवाजाला हे शिकवायला घरात दुसरं आहे कोण? आणि रोज तिच्यासाठी एक वाक्य प्रार्थना कर, नाव घेऊन: 'तिचा घसा सांभाळ.' पहिले काही दिवस ते जिभेला कडू लागेल. मेट्रनचं नाव घेताना मला महिनाभर तसंच लागलं.

ज्या उपासनेत तू ते गीत म्हटलंस, त्या दिवसाची एक गोष्ट राहिली. याजकांनी येशूला हेव्यानं धरून दिलंय हे रोमी सुभेदार पिलाताला कळत होतं, असं मत्तय आणि मार्क दोघंही सांगतात. म्हणजे ज्या गोष्टीनं तुला त्या सकाळी मोरीपाशी गाठलं, ती वधस्तंभाच्या पायाशीही होती आणि तिथे उभी राहून तू 'माझ्या देवा, माझ्या देवा' नंतरचं गीत म्हटलंस. मी असते तर पुढच्या प्रभुभोजनाला हेच मनात धरून गेले असते. टाळू नकोस ते. 'माझी लायकी नाही' म्हणून मागच्या बाकावर बसायची आपल्या बायकांना सवय असते.

नोव्हेंबरात नाताळच्या तालमी सुरू होतील. तोवर बरेच महिने आहेत. वहीचं शिवण सुटलं असेल तर आधी शिवून घे, आणि दुपारची झाकपाक उरकली की दोघी बसा. पहिलं भजन तुला पाठ असलेलं घे. दुसरं तिला निवडू दे.

— मावशी